माजी जावयाची गाडी, लेकीचे कर्ज आणि वडिलांची सही

वाचकांचे पत्र (थोडक्यात): मी सांगली जिल्ह्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. २०२१ साली माझ्या मुलीने आणि जावयांनी पुण्यात नऊ लाख रुपयांचे कर्ज काढून गाडी घेतली. जावयांचा व्यवसाय नवा असल्याने त्यांच्या उत्पन्नाची कागदपत्रे पुरेशी नव्हती. त्यामुळे नोकरी करणारी माझी मुलगी मुख्य कर्जदार झाली, जावई सहकर्जदार झाले आणि मी जामीनदार म्हणून सही केली. गाडीही मुलीच्याच नावावर आहे. मुदत सात वर्षे, व्याज साडेनऊ टक्के, हप्ता १४,७१० रुपये. २०२३ मध्ये दोघांचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. न्यायालयात दिलेल्या अटींमध्ये गाडी जावयांकडे राहील आणि उरलेले सर्व हप्ते तेच भरतील, असे स्पष्ट लिहिले होते. एकूण ३४ हप्ते वेळेवर गेले. त्यानंतरचे सात हप्ते थकले असून जावई फोन घेत नाहीत. बँकेने मुलीला आणि मला ६ लाख ४३ हजार रुपयांच्या मागणीची नोटीस पाठवली आहे. वसुलीची दोन माणसे रात्री साडेआठला घरी आली, शेजाऱ्यांपुढे मोठ्याने बोलली आणि ‘पेन्शन बंद करू, कोल्हापूरच्या मुलाच्या फ्लॅटवर जप्ती आणू’ असे म्हणाली. त्याच बँकेत माझ्या ग्रॅच्युइटीतून ठेवलेली चार लाखांची मुदत ठेव आहे. मुलीचा गृहकर्जाचा अर्ज याच थकबाकीमुळे नाकारला गेला. ती म्हणते, ‘बाबा, ठेव मोडून भरून टाका, मी तुम्हाला फेडीन.’ पत्नीचा याला विरोध आहे. न्यायालयाने जबाबदारी जावयांवर टाकलेली असताना आम्हाला पैसे का मागितले जातात, आणि आता आम्ही काय करावे?

उत्तर:

गुरुजी, आपल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर कटू असले तरी ते आधी सांगतो, कारण पुढचे सारे निर्णय त्यावर उभे राहणार आहेत. बँकेच्या दृष्टीने आपली मुलगी आजही कर्जदार आहे, माजी जावई आजही सहकर्जदार आहेत आणि आपण आजही जामीनदार आहात. घटस्फोटाच्या अटी हा पती आणि पत्नी यांच्यातला करार असतो आणि न्यायालय त्यावर शिक्कामोर्तब करते. पण त्या प्रकरणात बँक पक्षकार नव्हती, तिचे म्हणणे कोणी विचारले नव्हते आणि तिने कोणालाही जबाबदारीतून मोकळे केलेले नाही. म्हणून ‘उरलेले हप्ते पती भरेल’ हे वाक्य आपल्या मुलीला माजी पतीविरुद्ध भक्कम हक्क देते, मात्र बँकेला दाखवण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे घटस्फोटाच्या वेळी फार थोड्या कुटुंबांना कोणी समजावून सांगते. आपली फसगत झाल्यासारखे आपल्याला वाटते, यात आपला दोष नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळे लिहिले असेल तरच ती कमी होते, आणि बँकांच्या छापील हमीपत्रात तसे वेगळे काही सहसा नसते. ‘आधी कर्जदाराकडून वसूल करा, नाहीच जमले तर माझ्याकडे या’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे सर्वसाधारणपणे मानला जातो, परंतु कायदा तो देत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, धनको, म्हणजे कर्ज देणारा, थेट जामीनदाराकडे जाऊ शकतो, हे स्पष्ट केले आहे. मुलगी आणि माजी जावई यांच्याबाबत त्याच कायद्याचे कलम ४३ लागू होते: दोघांनी मिळून दिलेले वचन बँक दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्णपणे पुरे करून घेऊ शकते, आणि ज्याने भरले तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो. आपल्या मुलीच्या बाबतीत तर घटस्फोटाच्या अटींमुळे हा वाटा निम्मा राहत नाही; घटस्फोटानंतरचे सगळेच हप्ते माजी पतीने भरायचे होते.

कर्ज घेताना आपण किंवा मुलीने बँकेला सुरक्षेपोटी सही केलेले कोरे धनादेश दिले होते का, हे आजच आठवून पाहा. आयसीडीएस विरुद्ध बीना शबीर या २००२ च्या खटल्यात पतीने भाडेखरेदीवर गाडी घेतली होती, पत्नी जामीनदार होती आणि तिने दिलेला धनादेश वटला नाही. जामीनदाराच्या धनादेशालाही परक्राम्य संलेख अधिनियमाचे, म्हणजे धनादेशांविषयीच्या कायद्याचे, कलम १३८ लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. धनादेश न वटल्याची नोटीस हाती पडल्यापासून १५ दिवसांत रक्कम न भरल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते. मुलीच्या खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी अजून चालू असेल आणि खात्यात पैसे नसल्यामुळे तो परत जात असेल, तर तोही तसाच फौजदारी विषय होऊ शकतो. यापैकी कोणतीही नोटीस आली, तर तिला साध्या पत्रासारखे ठेवून देऊ नका.

आता एका गोष्टीकडे वळतो जिचा आपल्या पत्रात उल्लेखही नाही आणि जी मला थकलेल्या हप्त्यांपेक्षा अधिक गंभीर वाटते. गाडी मुलीच्या नावावर आहे आणि ती चालवतात माजी जावई. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, ज्याचे नाव तो मालक. गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याकडे गेलेली असली तरी नोंदणी बदललेली नसेल, तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात म्हटले आहे. ज्या माणसाने सात हप्ते चुकवले, त्याने विमा वेळेवर भरला असेलच याची खात्री कोण देणार? विमा संपलेला असताना त्या गाडीने एखाद्याचा जीव घेतला किंवा कोणाला जायबंदी केले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निवाडा आपल्या मुलीवर येऊ शकतो, आणि त्या रकमेपुढे आजचे सहा लाख काहीच वाटणार नाहीत.

म्हणून हे पत्र वाचून झाल्यावर पहिले काम असे करा. मुलीला परिवहन खात्याच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून विम्याची मुदत, पीयूसी आणि प्रलंबित चलने पाहायला सांगा. हे घरबसल्या काही मिनिटांत होते. विमा संपलेला असेल, तर किमान त्रयस्थ पक्षाचा विमा मुलीने स्वतःच ताबडतोब उतरवावा. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार एक हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी मोटारीसाठी हा वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये अधिक कर इतका आहे. ‘त्याच्या गाडीचा विमा मी का भरू’ हा प्रश्न मुलीच्या मनात येईल आणि तो स्वाभाविक आहे, पण कागदावर ती गाडी तिची आहे. भरलेल्या रकमेची पावती जपून ठेवावी. पुढे न्यायालयात मागायच्या रकमेत ती जोडता येईल.

हीच नोंदणी दुसऱ्या बाजूने आपल्या उपयोगाची आहे. गाडी माजी जावयांच्या दारात असली तरी ती विकण्यासाठी लागणारी सही मुलीच्या हातात आहे. शिवाय आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असल्याने बँकेच्या ना-हरकत दाखल्याशिवाय ती रीतसर कोणाच्याही नावावर होणार नाही. म्हणजे जावयांना गाडी वापरता येते, पण तिचे पैसे करता येत नाहीत. वाटाघाटीत या गोष्टीला वजन आहे.

माजी जावयांविरुद्धचा मुख्य मार्ग ज्या कुटुंब न्यायालयाने घटस्फोटाचा हुकूम दिला त्याच न्यायालयातून जातो. अटी हुकुमाचा भाग झालेल्या असतील, तर त्यांच्या अंमलबजावणीसाठी मुलीला दरखास्त दाखल करता येते. आधी वकिलामार्फत एक नोटीस पाठवावी: ठरावीक दिवसांत थकबाकी भरा, नाहीतर गाडी परत करा. उत्तर न आल्यास दरखास्तीत तीन मागण्या ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. थकीत आणि पुढील रकमेची वसुली, गाडीचा ताबा मुलीकडे किंवा थेट बँकेकडे देण्याचा आदेश, आणि तोवर गाडी अन्यत्र हलवण्यास मनाई. माजी जावयांनी अटींखेरीज न्यायालयाला स्वतंत्र हमी लिहून दिली असेल, तर ती मोडल्याबद्दल अवमानाच्या कारवाईचाही विचार होऊ शकतो. अटींचा मसुदा वकिलाने शब्द न् शब्द वाचूनच हे ठरवावे. वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर एक माहिती उपयोगी पडेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. आपली मुलगी नोकरी करते म्हणून ती अपात्र ठरत नाही. पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तिने अर्ज करावा.

न्यायालयाला वेळ लागेल आणि बँकेचे व्याज थांबणार नाही. म्हणून बँकेकडचे काम त्याच वेळी सुरू करावे लागेल. आपण दिलेल्या आकड्यांवरून ३४ हप्त्यांनंतर मुद्दल सुमारे ६ लाख ५ हजार उरते. त्यावर दरमहा सुमारे ४,८०० रुपये नुसते व्याज चढते. सात महिन्यांचे व्याज धरले तरी रक्कम ६ लाख ३९ हजारांच्या आसपास जाते, त्यामुळे बँकेची मागणी अवाजवी वाटत नाही. तरीही कर्जखात्याचा पूर्ण उतारा आणि कर्ज बंद करण्याची आजची रक्कम लेखी मागा. उताऱ्यात ‘दंडव्याज’ असा रकाना आढळला तर विचारणा करा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार हप्ता चुकल्याबद्दल व्याजदर वाढवून दंड लावता येत नाही. लावायचे ते दंडात्मक शुल्क म्हणून लावावे लागते आणि ते मुद्दलात मिसळून त्यावर आणखी व्याज आकारता येत नाही.

त्याच पत्रात आपल्या हमीपत्राची आणि मूळ कर्जकराराची प्रतही मागा. सही करताना आपल्याला प्रत दिली गेली नसण्याची शक्यता मोठी आहे. त्यात दोन गोष्टी पाहायच्या आहेत. घटस्फोटानंतर बँकेने माजी जावयांशी परस्पर काही नवा करार केला का, म्हणजे मुदत वाढवणे, हप्ता बदलणे असे काही, आणि त्याला आपली संमती घेतली का? करार कायद्याच्या कलम १३३ आणि १३५ नुसार जामीनदाराच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या किंवा कर्जदाराला करार करून मुदत वाढवून दिली, तर जामीनदार मोकळा होऊ शकतो. मात्र बँक नुसती स्वस्थ बसली, एवढ्याने जामीन सुटत नाही, असे कलम १३७ सांगते; आणि अनेक हमीपत्रांत जामीनदाराने हे हक्क आधीच सोडून दिल्याचे कलम छापलेले असते. त्यामुळे या मुद्द्यावर फार मोठी आशा बांधू नका, पण तपासल्याशिवाय सोडूही नका.

बँकेला लिहायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट गाडीविषयी आहे. गाडी कोणाच्या ताब्यात आहे, माजी जावयांचा आपल्याला माहीत असलेला पत्ता काय, मुलगी गाडी परत देण्यास किंवा बँकेच्या परवानगीने विकण्यास तयार आहे, आणि बँकेने तारण वेळीच ताब्यात घ्यावे, असे आपण दोघांनी सहीनिशी कळवावे. शाखेत एक प्रत देऊन दुसरीवर पोच घ्यावी. गाडीची किंमत दर महिन्याला घटते. बँकेने माहिती असून दिरंगाई केली आणि तारण हातचे गेले, तर कलम १३९ आणि १४१ च्या आधारे आपली जबाबदारी तेवढ्यापुरती कमी करण्याचा मुद्दा पुढे मांडता येईल. त्यासाठी हे पत्र आजच्या तारखेचे असणे गरजेचे आहे.

गाडी हाती आली की ती लिलावात जाऊ देण्याऐवजी बँकेच्या लेखी परवानगीने स्वतः गिऱ्हाईक शोधून विकणे बहुतेक वेळा फायद्याचे ठरते. समजा गिऱ्हाईकाकडून साडेचार लाख मिळाले आणि लिलावात साडेतीनच मिळाले असते, तर उरणारी रक्कम एका बाबतीत १ लाख ९३ हजार आणि दुसऱ्या बाबतीत २ लाख ९३ हजार होते. हा एक लाख रुपयांचा फरक शेवटी आपल्याच खिशातून जाणार आहे. गिऱ्हाईकाने पैसे थेट कर्जखात्यात भरावेत. उरलेली रक्कम भरल्यावर बँकेकडून ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ घ्यावा, आणि नमुना २९ व ३० वर सह्या करून गाडी परिवहन कार्यालयात गिऱ्हाईकाच्या नावावर करून द्यावी. हे शेवटचे पाऊल राहिले तर अपघाताची टांगती तलवार तशीच राहील.

आणखी एका प्रकारच्या पत्राबद्दल सावध करतो. वाहनकर्जाच्या करारात लवादाचे, म्हणजे न्यायालयाबाहेर मध्यस्थाकडून वाद निकाली काढण्याचे, कलम बहुधा असते आणि थकबाकीनंतर दूरच्या शहरातल्या एखाद्या लवादाची नोटीस घरी येते. कुटुंबे ती वकिलाचे धमकीपत्र समजून बाजूला ठेवतात, आणि काही महिन्यांनी निवाडा हातात पडतो, जो दिवाणी हुकुमासारखा अमलात येतो. तो रद्द करून घेण्याचा अर्ज निवाडा मिळाल्यापासून तीन महिन्यांत करावा लागतो, आणि त्यापुढे पुरेसे कारण असेल तरच ३० दिवसांची सवलत मिळू शकते. लवाद बँकेने एकतर्फी नेमला असेल तर त्या नेमणुकीलाच हरकत घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात अशा नेमणुकींना चाप लावला आहे. पण हरकत घ्यायची तर नोटिशीला उत्तर द्यावे लागते.

रात्री साडेआठला आलेल्या त्या दोन माणसांविषयी वाचून मला मनापासून वाईट वाटले. आयुष्यभर गावात मानाने राहिलेल्या माणसाच्या दारात उभे राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे बोलणे हीच त्यांची पद्धत असते, कारण लाजेपोटी माणूस लवकर पैसे भरतो हे त्यांना ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, आणि कर्जदाराला धमकावणे किंवा चारचौघांत अपमानित करणे निषिद्ध आहे. गुंडांकरवी वसुली करण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या निकालात कडक शब्दांत टीका केली आहे. पुढच्या वेळी कोणी आले तर दारातच ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागा, नाव लिहून घ्या आणि रोख एक रुपयाही देऊ नका. झालेल्या प्रकाराची तारीख, वेळ आणि उच्चारलेले शब्द लिहून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. धमकी किंवा हातघाईपर्यंत गोष्ट गेली तर पोलीस ठाण्यात जायला संकोच करू नका.

त्यांनी दिलेल्या दोन्ही धमक्या पोकळ आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार सरकारी निवृत्तिवेतनावर जप्ती आणता येत नाही, आणि ते बंद करण्याचा अधिकार तर बँकेला मुळातच नाही. मुलाच्या फ्लॅटबद्दल म्हणाल, तर त्याने कोणत्याही कागदावर सही केलेली नाही. तो आपला मुलगा आणि तिचा भाऊ आहे, एवढ्याने त्याच्यावर काहीही जबाबदारी येत नाही. आपल्या पत्नीची सही नसेल तर त्यांच्यावरही येत नाही. आपल्या पश्चात काय, ही शंका मनात असेल तर तिचेही उत्तर देतो. वारसांवर जबाबदारी येते ती फक्त त्यांना मिळालेल्या आपल्या मालमत्तेच्या मर्यादेत. वडिलांचे कर्ज मुलाने धार्मिक कर्तव्य म्हणून फेडावे, हा जुना नियम हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरता संपुष्टात आणला आहे.

ठेवीचे मात्र तसे नाही. ती कर्ज देणाऱ्या बँकेतच आहे, आणि बँकेला स्वतःकडे असलेल्या ठेवीवर हक्क सांगून ती थकबाकीत वळती करण्याची तरतूद हमीपत्रात असू शकते. करार कायद्याचे कलम १७१ बँकांना सर्वसाधारण धारणाधिकारही, म्हणजे देणे फिटेपर्यंत हाती असलेले रोखून धरण्याचा हक्कही, देते. ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतनाची रक्कम ठेवीत गुंतवली तरी तिचे जप्तीपासूनचे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००८ च्या निकालात म्हटले आहे. तो निकाल न्यायालयीन जप्तीसंबंधी आहे; बँकेने करारानुसार परस्पर वळती केलेल्या रकमेला तो कितपत लागू होईल, हे आपले हमीपत्र पाहून वकीलच सांगू शकतील. तोवर एवढे करा. ही ठेव ग्रॅच्युइटीतून ठेवलेली आहे याचा पुरावा, म्हणजे रक्कम जमा झाल्याचे खातेपुस्तक आणि कोषागाराचे किंवा जिल्हा परिषदेचे पत्र, एकत्र काढून ठेवा, आणि ठेवीवर बँकेने काही हक्क नोंदवला आहे का, हे लेखी विचारा.

मुलीच्या गृहकर्जाबद्दल थोडक्यात. ९० दिवसांवर थकलेले कर्ज अनुत्पादक ठरते आणि पतअहवालात तसे दिसते. जामीनदार म्हणून ते आपल्या अहवालातही दिसेल. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा अहवाल मोफत मिळतो. तो दोघांनीही काढावा. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवले तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची बँक त्याकडे संशयाने पाहते. पूर्ण रक्कम भरली तर ‘क्लोज्ड’ असे लिहिले जाते. लवकरच घर घ्यायचे असेल, तर मुलीसाठी लाखभराच्या सवलतीपेक्षा हा दुसरा शब्द अधिक मोलाचा ठरू शकतो. हप्ते चुकल्याची नोंद मात्र मागील ३६ महिन्यांच्या तक्त्यात काही काळ राहीलच, त्यामुळे गृहकर्जाचा अर्ज लगेच पुन्हा करण्याची घाई करू नये.

आपल्यासारख्याच उंबरठ्यावर असलेल्या अन्य वाचकांसाठी एक परिच्छेद खर्च करतो, कारण हे सारे टाळण्याची योग्य वेळ घटस्फोटाच्या आधीची असते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार परस्परसंमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिन्यांचा काळ असतो. तो नुसता वाट पाहण्यात घालवू नये. ज्याच्याकडे गाडी राहणार आहे त्याने त्या काळात कर्ज स्वतःच्या एकट्याच्या नावावर दुसऱ्या बँकेत वळते करून घ्यावे, जुन्या बँकेचा ना-हरकत दाखला आणावा, जामीनदाराला मुक्त केल्याचे पत्र घ्यावे आणि आरसी बदलावी. आणि हे कागद हाती आल्याशिवाय दुसऱ्या वेळी न्यायालयापुढे संमती देऊ नये. समोरच्याची पत तेवढी नसेल आणि नवी बँक त्याला एकट्याला कर्ज द्यायला तयार नसेल, तर गाडी विकून कर्ज फेडणे हाच मार्ग उरतो. पगारदारांच्या सहकारी पतसंस्थेत जामीन राहिलेल्यांनी तर अधिकच जागरूक राहावे, कारण सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुली दाखला दिवाणी दाव्यापेक्षा फार लवकर निघतो.

आता आपल्या घरातल्या मतभेदाकडे येतो. ठेव मोडून सारे पैसे आज भरून टाकावेत, या मताचा मी नाही. चार लाखांत ६ लाख ४३ हजार फिटत नाहीत, गाडी माजी जावयांकडेच राहते, आणि म्हातारपणाची पुंजी संपते. आपल्या पत्नीचा विरोध मला रास्त वाटतो. पण मुलीचेही चुकलेले नाही. प्रत्येक महिन्याला वाढणारे व्याज आणि डागाळलेली पत तिला समोर दिसते आहे. मध्यम मार्ग असा की विमा, बँकेला पत्र आणि कुटुंब न्यायालयातील दरखास्त ही तीन कामे याच पंधरवड्यात व्हावीत. चालू महिन्यापासूनचा हप्ता मुलीने आपल्या पगारातून भरत राहावा म्हणजे थकबाकी आणखी वाढणार नाही, आणि ती रक्कम माजी पतीकडून वसूल करायच्या हिशेबात लिहून ठेवावी. बँकेने संपूर्ण कर्ज परत मागितलेले असल्याने हप्ते स्वीकारून खाते पूर्ववत करण्यास ती तयार आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. आपण पैसे द्यायचे ते गाडी विकल्यावर जी तूट उरेल तेवढ्यापुरतेच, असे घरात आज ठरवून टाका.

ते पैसे देण्याची वेळ येईल तेव्हा मुलीच्या खात्यात टाकून तिच्यामार्फत भरू नका. आपल्या स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात, ‘जामीनदार म्हणून भरणा’ असा उल्लेख करून भरा आणि बँकेकडून तसे पत्र घ्या. करार कायद्याच्या कलम १४५ नुसार जामीनदाराने रीतसर भरलेली रक्कम कर्जदारांकडून मागण्याचा त्याला हक्क आहे, आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेचे कर्जदारांविरुद्धचे हक्क कलम १४० नुसार त्याच्याकडे येतात. आपण भरल्याच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत माजी जावयांवर दावा लावता येईल. मुलगी ‘मी फेडीन’ म्हणते, तिचे मन मोडू नका. पण तिने कागदावर काही लिहून देण्याआधी तो कागद वकिलाला दाखवा, कारण ‘हे देणे माझे एकटीचे आहे’ असे तिच्या हातचे एखादे वाक्य माजी जावई पुढे न्यायालयात स्वतःच्या बचावासाठी दाखवू शकतील.